मत्स्यदेहाचे मोजमाप व अधिवासाचा निष्कर्ष : पेण-रोहा परिसरातील तिलापियाच्या निमित्ताने

प्रस्तावना

एकाच जातीच्या माशाची भिन्न अधिवासांतील शरीररचना व वाढ तपासणे हा प्राणिशास्त्र विभागांचा आवडता संशोधनविषय आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुके अशा तुलनेस सोयीचे आहेत. पेणकडे धरमतर खाडीलगतची खारभूमी व निमखारे पाणी आहे. रोह्याच्या कुंडलिकेत भिरा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी येते आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला, मूळचा आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगतो. म्हणूनच त्याची निवड वरकरणी योग्य वाटते. तथापि अशा तुलनेची प्रचलित पद्धती चिकित्सेस पात्र आहे.

विवेचन

या अभ्यासांत सामान्यतः लांबी-वजन संबंध काढला जातो. वजन हे लांबीच्या एका घाताच्या प्रमाणात बदलते. हा घातांक ३ असल्यास मासा आकार न बदलता वाढतो, ३ पेक्षा कमी असल्यास लांबीच्या मानाने सडपातळ होत जातो. फुल्टनचा स्थितिगुणांक मात्र सर्वत्र ३ हाच घातांक गृहीत धरतो. येथेच पहिली गफलत होते.

समजा, पेणच्या नमुन्यात मासे १० सेंमी लांबीचे व १८ ग्रॅम वजनाचे आहेत. त्यांचा गुणांक १.८ येतो. रोह्याचे मासे २० सेंमीचे आहेत. दोन्हीकडे घातांक २.८ असल्यास त्यांचे वजन सुमारे १२५ ग्रॅम व गुणांक १.५७ येईल. पाण्यात काहीही फरक नसताना रोह्याचा मासा 'कृश' ठरेल. ले क्रेन यांनी १९५१ मध्ये मांडलेला सापेक्ष स्थितिगुणांक हा दोष टाळतो. तरीही सोपेपणामुळे जुनेच सूत्र वापरले जाते.

दुसरी उणीव नमुन्याची आहे. जाळ्याचा आस ठरावीक जाडीचेच मासे अडवतो. तिलापियाची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते व त्या काळात फारसे खात नाही. त्यामुळे लिंग व ऋतू न नोंदवलेली सरासरी दिशाभूल करते.

तिसरी उणीव शब्दाची आहे. लांबी-वजन संबंधातून शरीराचे प्रमाण कळते, वाढीचा वेग नव्हे. त्यासाठी वय हवे. खवले वा कर्णाश्म यांवरील वलये तपासावी लागतात. दाटी झालेल्या तळ्यात तिलापिया लहानपणीच प्रजननक्षम होऊन खुजा राहतो. असा मासा लहान असला तरी वयाने लहान असेलच असे नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न जातीच्या निवडीचा आहे. तिलापिया अत्यंत सोशीक आहे. सांडपाण्याने खाद्य वाढल्यास व स्पर्धक मासे नाहीसे झाल्यास तो पुष्टही होऊ शकतो. तेव्हा उत्तम गुणांक म्हणजे निर्मळ नदी नव्हे. 'मासा सुदृढ आहे' या वाक्याने नदीवर पोट असलेल्या मच्छीमारांची तक्रार निकाली निघू शकते, तर सदोष गणितावर उभी केलेली तक्रार कोणीही सहज खोडून काढू शकतो.

निष्कर्ष

पेण-रोहा तुलना टाकाऊ नाही. समान लांबीगट, एकच जाळे, लिंग व ऋतूची नोंद, वयनिश्चिती आणि सोशीक जातीसोबत एखादी संवेदनशील स्थानिक जात एवढी पथ्ये पाळल्यास ती मोलाची ठरेल. शरीररचनेतील फरक आनुवंशिक की परिस्थितिजन्य, हे मात्र दोन्हीकडची पिले एकाच पाण्यात वाढविल्याशिवाय सांगता येणार नाही.