कँटनीज भाषेतील भावदर्शक शब्द व त्यांचे अध्ययन

स्टीव्हन मॅथ्यूज व व्हर्जिनिया यिप यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कँटनीज व्याकरणाने वाक्यान्ती येणाऱ्या निपातांना स्वतंत्र प्रकरण दिले, हे त्या ग्रंथाचे मोठे श्रेय होय. तथापि अशा प्रकरणाच्या वाचनाने निपात कळतात, जिभेवर बसत नाहीत.

‘लॉक् कन् यू’ म्हणजे पाऊस पडत आहे. त्यास ‘क्वा’ जोडले की ‘पडत असावा’ असा तर्क होतो. ‘मे’ जोडले की ‘पाऊस पडतोय की काय?’ असे आश्चर्य. ‘वो’ हा निपात मध्यम, सपाट स्वरात उच्चारला तर अर्थ होतो ‘पाऊस पडतोय की!’, खालून चढत्या स्वरात उच्चारला तर ‘पाऊस पडतोय म्हणे’. या दुसऱ्या ‘वो’पुढे ‘ऐकीव वार्तेचा निपात’ एवढे लिहून कोशकाराचे काम भागते, विद्यार्थ्याचे भागत नाही. ‘म्हणे’ म्हणणाऱ्याने वार्तेच्या खरेखोटेपणातून आपले अंग काढून घेतलेले असते, प्रसंगी त्यात उपहासही डोकावतो. ‘वो’चेही तसेच आहे. मराठी विद्यार्थ्याला तो इंग्रजी स्पष्टीकरणाच्या आडवाटेने शिकविणे हा व्यर्थ शीण होय. ‘मे’विषयी मात्र सावधगिरी हवी. साध्या प्रश्नासाठी तो योजणारा परकी मनुष्य समोरच्याच्या शब्दावर अविश्वास दाखवीत असतो, आणि ते त्याच्या गावीही नसते.

हे निपात वाचनातून भेटतील ही अपेक्षा फोल आहे. हाँगकाँगमधील शाळांत लेखन प्रमाण चिनीचे होते, उच्चार तेवढा कँटनीज. वृत्तपत्रांतील बातम्यांचीही भाषा बहुतांशी प्रमाणच. तेव्हा संभाषण व चित्रपट हेच खरे पाठ्यग्रंथ ठरतात.

रंगवाचक विशेषणांत मराठी विद्यार्थी अधिक सुदैवी आहे. ‘हुंग’ म्हणजे लाल. ‘हुंग पॉक पॉक’ हे गोबऱ्या गालांची कौतुकाची लाली सांगते, तर ‘हुंग तॉंग तॉंग’ हे (येथे अखेरचे अक्षर खालच्या स्वरात येते) डोळ्यांना खुपणारा भडकपणा. लालचुटुक व लालभडक यांतील भेद ज्याला जन्मतः अवगत आहे, त्याला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. अडचण पुढेच येते. कोणत्या रंगास कोणती पुस्ती लागते हे ठरविणारा नियम नाही. प्रत्येक जोडी कानांनीच टिपावी लागते. पिवळ्यास ‘धमक’ लागते म्हणून निळ्यासही ती लावणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मराठी माणूस जसा हसेल, तसेच हाँगकाँगमध्येही हसतात.