लाकूड समजले, खोलीचे काय?

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लाकूडशास्त्र शिकवणाऱ्या आर. ब्रूस होडली यांचे ‘अंडरस्टँडिंग वुड’ हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. सुधारित आवृत्ती २००० साली निघाली. घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी इतके शास्त्रशुद्ध लेखन क्वचितच झाले असेल. पावसाळ्यात टेबलाचा खण का अडकतो, हे वर्गात समजावून देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी त्यातील लाकूड आणि पाणी यांविषयीचा भाग जरूर वाचावा.

वाळलेले लाकूडही भोवतालच्या हवेशी बाष्पाची देवाणघेवाण करीत राहते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर त्यातील पाणी कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते, ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्क्यांवर. तंतूंच्या लांबीत याचा परिणाम नगण्य. रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. सागवान हे कमी हलणारे लाकूड, पण त्याचीही ३०० मि.मी. रुंदीची फळी ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेल्यास चारएक मि.मी. फुगू शकते. पॉलिशने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. हा सारा विषय होडली फार नेटकेपणाने मांडतात.

माझा आक्षेप वेगळाच आहे. या मांडणीत खोलीची हवा ही जणू बाहेरून ठरून आलेली असते. प्रत्यक्षात काम करणारा माणूसच ती दिवसभर बदलत असतो.

नागपूरचा मे महिना घ्या. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना वाळ्याच्या कूलरमधून साधारण २७ अंशांची हवा येते, पण तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असते. कारागिराला बरे वाटते. फळी मात्र पाणी पिऊ लागते. संध्याकाळी कूलर बंद झाला की तीच फळी पुन्हा सुकू लागते. सकाळी बसवलेला सांधा आठवड्याने उघडा पडला, तर दोष लाकडाला दिला जातो!

वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना बाष्पही काढते, म्हणून ते लाकडाला सोयीचे. पण आता धुळीचा प्रश्न येतो. समजा, ३६ घनमीटरच्या खोलीत तासाला १,००० घनमीटर हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा लावला, तर सुमारे दोन मिनिटांत खोलीभर हवा निघून जाते. तिच्या जागी बाहेरची दमट किंवा तापलेली हवा येते आणि केलेला खर्च वाया जातो. पंखा न लावावा, तर भुसा यंत्राच्या ओल्या पत्र्यांवर चिकटतो. शिवाय डोळ्यांना दिसणारा भुसा फारसा धोक्याचा नसतो. स्थिर हवेत ५ मायक्रॉनचा कण एक मीटर खाली यायला वीसेक मिनिटे घेतो, १ मायक्रॉनचा सुमारे आठ तास. (स्टोक्सचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.)

धुळीची भीती अवास्तव नाही. इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावात नाक-घशाच्या तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांना फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळीचा एक विरळा कर्करोग वारंवार आढळला. त्यावरचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणारी ठरवली. हे कामगार वर्षानुवर्षे धुळीत राबलेले होते. रविवारी करवत चालवणाऱ्याचा धोका तेवढा नाही. पण घरातील मुलेही तीच हवा घेतात.

म्हणून धूळ, गारवा आणि आर्द्रता यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. होडलींच्या आलेखांशेजारी हवा किती आत येते, किती बाहेर जाते, याचे एक प्रकरण असते तर पुस्तक आपल्याकडेही पुरे पडले असते. तोवर घासकाम ओसरीवर, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून करावे. जोडणी मात्र आत करावी, आणि भिंतीवर ओला व कोरडा असे दोन तापमापक टांगून ठेवावेत.