गर्भस्थ विषबाधा आणि वर्तनकसोट्या : एक चिकित्सा

गर्भावस्थेत मातेच्या शरीरात गेलेल्या रासायनिक द्रव्यांचा अपत्यावर काय परिणाम होतो, हे ठरविताना संशोधकांची दृष्टी दीर्घकाळ शारीरिक व्यंगावरच खिळून राहिली होती. १९६१ साली थॅलिडोमाइडची हानी उघडकीस आली, ती नवजात अर्भकांच्या हातापायांतील व्यंग प्रत्यक्ष दिसले म्हणून. परंतु जी हानी डोळ्यांना दिसत नाही तिचा शोध कसा घ्यावयाचा? या प्रश्नातून वर्तनकसोट्यांची पद्धती पुढे आली. वर्बॉफ व गॉटलीब यांनी १९६३ मध्ये तिच्यासाठी ‘वर्तनविषयक गर्भविकृतिशास्त्र’ या अर्थाची संज्ञा वापरली. या पद्धतीने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

मिथाइल पाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. जपानमधील मिनामाता येथे मातेत रोगाची लक्षणे अल्प किंवा नगण्य असूनही मुले मेंदूच्या गंभीर विकारासह जन्मास आली, आणि हा जन्मजात रोग असल्याचे १९६२ मध्ये मान्य झाले. मिथाइल पारा वार ओलांडून गर्भाच्या रक्तात मातेपेक्षाही अधिक साठतो. १९७२ मध्ये स्पायकर, स्पार्बर व गोल्डबर्ग यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना हे द्रव्य दिले. त्यांची पिल्ले वाढीत व दिसण्यात निरोगी होती. मात्र मोकळ्या रिंगणात सोडल्यावर आणि पाण्यात पोहावयास लावल्यावर त्यांचे वेगळेपण प्रकट झाले. जे शरीराच्या तपासणीत निसटले ते वर्तनात सापडले, हे या पद्धतीचे खरे श्रेय होय.

पुढे या पद्धतीला नियमांची चौकट लाभली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २००७ च्या ४२६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार मोठ्या जातीच्या उंदरांमध्ये गर्भधारणेच्या सहाव्या दिवसापासून स्तनपानाच्या एकविसाव्या दिवसापर्यंत द्रव्य दिले जाते आणि पिल्लांची हालचाल, संवेदन, शिक्षण व स्मृती तपासली जाते. येथे गणिताचा एक मुद्दा मोलाचा आहे. एकाच वेतातील पिल्ले परस्परांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून गणनेचे एकक पिल्लू नसून वेत होय. हे विसरल्यास नमुना कागदोपत्री फुगतो आणि निष्कर्षाला नसलेले बळ येते.

तथापि मुख्य आक्षेप याहून खोल आहे. कसोटी जे विचारते तेवढेच उत्तर तिला मिळते. फेरो बेटांवर १९८६–८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांच्या पाहणीत, नाळेच्या रक्तातील पाऱ्याचा संबंध सातव्या वर्षीच्या भाषा, अवधान व स्मृती यांतील उणिवांशी आढळला. सेशेल्स बेटांवरील पाहणीत असा सुसंगत संबंध आढळला नाही. आहार वेगळा, सोबतची दूषिते वेगळी, कसोट्या व वयेही सर्वस्वी सारखी नाहीत. तेव्हा एकाचे निष्कर्ष दाखवून दुसऱ्याचे खोडता येत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० साली फेरोच्या निष्कर्षांचा, विशेषतः चित्रातील वस्तूंची नावे सांगण्याच्या कसोटीचा, आधार घेतला. ही कसोटी उंदराला देता येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे प्राणिप्रयोगाची मर्यादा स्पष्ट होते.

म्हणून ‘दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन विधाने एक मानणे हा तर्कदोष होय. पहिले विधान कसोटीविषयी आहे, दुसरे बालकाविषयी. त्यांतील अंतर कमी करण्याचा एक मार्ग उपरोक्त मार्गदर्शिकेतच आहे : ज्ञात विषाचा परिणाम आपल्या कसोटीत दिसतो, हे प्रयोगशाळेने आधी दाखवावयाचे असते. नकारात्मक निष्कर्ष वाचताना अभ्यासकाने प्रथम हाच पुरावा मागावा. तो नसेल तर निर्णय राखून ठेवावा. परीक्षेची सदोषता जर कोणाला भोवणार असेल, तर ती ज्याची संमती कोणी विचारली नाही अशा गर्भालाच भोवणार आहे.