अहवाल कोणाला वाचून दाखवायचा?

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीच्या शेतीविषयक प्रकल्पासाठी मी जुन्नर तालुक्यात घरोघर प्रश्नावल्या भरत होतो. एका आजींनी सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "हे लिहिलंस ते आमाला वाचून दाखवणार का रं?" मी हो म्हणालो. अहवाल इंग्रजीत झाला आणि पैसे देणाऱ्याकडे गेला. मलाही तो बघायला मिळाला नाही. तेव्हापासून असे अहवाल मी साहित्यकृतीसारखे वाचतो. लिहिणारा कोणाशी बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे पाहतो.

या दृष्टीने दोन पुस्तकं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पहिलं जोतीराव फुल्यांचं 1883 सालचं 'शेतकऱ्याचा असूड'. दुसरा डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेवरचा 1893 सालचा अहवाल. व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ. सरकारने बोलावल्यावरून ते 1889 च्या अखेरीस इथे आले आणि वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडले.

व्होल्कर यांना झोडपणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. इथला रयत अडाणी आहे, हे गृहीतक त्यांनी फेटाळलं. चांगला हिंदी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. शेण जाळलं जातं ते अज्ञानामुळे नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून, हे त्यांनी पुढे मांडलं. आजच्या कितीतरी सल्लागारांकडे एवढा प्रामाणिकपणा नसतो.

पण सरपण का मिळत नाही? इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. व्होल्कर यांच्या लेखी सरपण ही टंचाई आहे, आणि उपाय म्हणजे जंगल खात्याने सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव क्षेत्रं तयार करावीत. फुल्यांच्या लेखी ती हिरावणूक आहे. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी, गायरानं खात्याने गिळली. पाला, फळं, लाकूडफाटा विकून आणि एखादी गाय, दोन शेरडं पाळून जगणाऱ्या माणसाची वाट बंद झाली. म्हणून त्यांची मागणी साधी आहे: गायरानं ज्या त्या गावाला परत करा, तळ्यानाल्यांतला गाळ पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या. शिवाय रिकाम्या वेळी लष्करातल्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल.

एकाची क्रिया 'राखून ठेवणे', दुसऱ्याची 'परत करणे'. सगळा फरक या दोन क्रियापदांत आहे. ज्याने काम दिलं त्या सरकारला 'परत करा' म्हणणं व्होल्कर यांच्या अहवालाला जमत नाही. पुढे 1894 चं वनधोरण त्यांच्याच मांडणीच्या आधाराने ठरलं. त्यात शेतीच्या गरजेला मान मिळाला, पण जंगलाची किल्ली खात्याच्याच कमरेला राहिली.

'असूड' निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. खतातली द्रव्यं मोजणारी व्होल्कर यांची शिस्त त्यात नाही. भटकामगारांवरचा राग कधी कधी कारणमीमांसेची जागा घेतो. पण त्यात दुपारच्या उन्हात कचेरीतून हताश होऊन घरी परतणारा शेतकरी आहे, त्याचं मनातलं बोलणं आहे, त्याचं घर आहे. व्होल्कर शेतकऱ्याविषयी आदराने लिहितात, पण वाचक म्हणून त्यांच्यासमोर शेतकरी नाही. अहवालाची भाषा तिथेच ठरून जाते.

फुल्यांनी हा ग्रंथ छापण्याआधीच लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तो ऐकला, आणि हडपसर, ओतूर, जुन्नरच्या लोकांनीही. जुन्नरचं नाव प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या गोष्टीला मी नुसतं हो म्हणून निघून आलो होतो, ती त्याच तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवली होती.

म्हणून शेती, पाणी, जंगल यांवरचा कोणताही नवा अहवाल हाती आला, की मी आधी त्यातले आकडे पाहत नाही. त्या आजींच्या ओटीवर बसून तो मोठ्याने वाचता येईल का, आणि वाचताना कुठलं पान उलटून पुढे जावंसं वाटेल, ते पाहतो. टीका त्या पानापासून सुरू करावी.