शिपायाच्या पाठीवरील ओझें

युद्धेतिहासांत सेनापतींच्या डावपेंचांस जितकीं पानें मिळतात, तितक्या ओळीही शिपायाच्या पाठीवरील ओझ्यास मिळत नाहींत. अमेरिकन सैन्याचे इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांचा इ. स. १९५० मध्यें प्रसिद्ध झालेला ‘द सोल्जर्स लोड अँड द मोबिलिटी ऑफ अ नेशन’ हा छोटेखानी ग्रंथ नेमका याच विषयास वाहिलेला आहे, म्हणून तो आजही वाचावयास हवा.

ग्रंथाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें: भीति आणि थकवा यांचा शरीरावरील परिणाम सारखाच होतो. थकलेला मनुष्य लवकर भितो व भ्यालेला लवकर थकतो. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या शिपायांचा अनुभव ग्रंथकर्त्यांनीं आधारास घेतला आहे. कवाइतींत पेललेलें ओझें गोळ्यांच्या माऱ्याखालीं पेलत नाहीं. यास्तव सरावांत शरीराच्या वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक भार नसावा आणि लढाईंत तो त्याहूनही कमी असावा, असा त्यांचा आग्रह आहे. ओझें वाढतें कां, याची मीमांसा तर फारच मार्मिक आहे. ‘न जाणो, लागेल’ या वरिष्ठांच्या धास्तीनें दारूगोळा, शिधा असा एकेक जिन्नस पिशवींत पडत जातो. धास्ती एकाची, वजन मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर!

ग्रंथांत उणिवाही आहेत. मार्शल यांच्या ‘मेन अगेन्स्ट फायर’ (१९४७) या ग्रंथांतील आंकड्यांस पुरेसा पुरावा नाहीं, असा आक्षेप रॉजर स्पिलर यांनीं १९८८ मध्यें घेतला. प्रस्तुत ग्रंथांतही निरीक्षणाचें तेज आहे, मोजमापाची शिस्त मात्र थोडी आहे. शिवाय त्यांचा सारा भर एकूण पौंडांवर आहे. वजन कोठें बसतें, यालाही तितकेंच महत्त्व आहे. पायांतील बुटाचें एक शेर वजन पाठीवरील कित्येक शेरांइतकी शक्ति खातें. चढण व चिखल तोच भार दुणावतात. आणि पट्ट्यानें खांद्याची नस दबली कीं हात बधिर होऊन बंदूकही धरवत नाहीं. हें पुढील शरीरशास्त्रानें दाखविलें.

तथापि मूळ सिद्धान्तास यामुळें बाध येत नाहीं. १९८२ मध्यें फॉकलंड बेटांवर हेलिकॉप्टरें नेणारें जहाज शत्रूच्या माऱ्यानें नष्ट झालें, तेव्हां ब्रिटिश मरीन सैनिकांनीं सुमारें ८० पौंडांचें ओझें घेऊन दलदलींतून तीन दिवसांत ५६ मैलांची मजल मारली. त्या पराक्रमाचें कौतुक आम्हांसही आहे. परंतु अपवादाचा नियम होतो, हीच खरी आपत्ति आहे. २००३ मध्यें अफगाणिस्तानांत अमेरिकन पायदळाच्या ओझ्यांचें वजन केलें गेलें, तेव्हां कुचाच्या वेळचें सरासरी ओझें सुमारें १०१ पौंड भरलें.

साधनें हलकीं झालीं तरी शिपाई हलका झाला नाहीं, कारण वांचलेल्या प्रत्येक पौंडाच्या जागीं नवें साधन येऊन बसतें. मार्शल यांचा उपदेश पुष्कळांनीं वाचला. तो आचरणांत आला नाहीं. ओझें ठरविणारानें एकदां तें स्वतः पाठीवर घेऊन दिवसभराची मजल चालून पाहावें, एवढीच आमची सूचना आहे.