क्रिस्टल स्ट्रक्चर छान आहे, पण धातू तोच कशावरून?

नवीन पेपर हातात आला की आपण सगळे आधी चित्र बघतो. मोठा गोळा डिस्प्रोशियमचा, छोटा कॉपरचा, खाली आर व्हॅल्यू चार टक्के. झालं, पेपर भारी! ३डी-४एफ कॉम्प्लेक्सच्या (कृपया याला 'मिश्रधातू' म्हणू नका, ते अलॉय) पेपरबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते.

बनवायला हे फार अवघड नाही. ऑर्थो-व्हॅनिलिन आणि डायअमीनपासून शिफ बेस करायचा. त्याला दोन कप्पे असतात. आतला दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजनचा, तिथे कॉपर किंवा झिंक बसतो. बाहेरचा नुसत्या ऑक्सिजनचा, तो लॅन्थॅनाइडला आवडतो. मग मेथॅनॉलमध्ये ठेवून वाट बघायची. बीडच्या मे महिन्यात मेथॅनॉल इतक्या लवकर उडतो की हाती नुसता चुरा येतो, ते वेगळं.

आता मुद्दा. एक्स-रेला अणूचं नाव कळत नाही, इलेक्ट्रॉन कळतात. डिस्प्रोशियम(III) मध्ये ते ६३, होल्मियम(III) मध्ये ६४. आयनांच्या त्रिज्येत फरक जेमतेम ०.०१ अँगस्ट्रॉमचा. म्हणजे चित्रातलं लेबल बऱ्याचदा आपण बाटलीवर जे लिहिलं तेच असतं! माझंच सांगतो. एका व्हायलवर मी 'डीवाय' लिहिलं, स्ट्रक्चर सुटलं, आर झकास. आयसीपी केल्यावर निघालं होल्मियम. रंगावरूनही कळलं नाही, कारण कॉपरचा हिरवा रंग सगळं झाकून टाकतो. कॉपर-झिंकचंही तसंच, २७ आणि २८ इलेक्ट्रॉन. तिथे निदान कॉपरचे लांबलेले अक्षीय बंध थोडी मदत करतात.

दुसरी गोष्ट. स्ट्रक्चर एका बारक्या क्रिस्टलचं असतं, मॅग्नेटिक मोजमाप मात्र कित्येक मिलिग्रॅम पावडरचं. दोन्ही एकच आहेत हे पावडर एक्सआरडी जुळवून दाखवलं नसेल, तर पुढचा सगळा ग्राफ कशाचा म्हणायचा? वाळवताना सॉल्व्हेंट निघून गेला तरी रचना बदलू शकते.

१९८५ साली बेन्सिनी, गॅटेस्की आणि सहकाऱ्यांनी कॉपर-गॅडोलिनियममध्ये फेरोमॅग्नेटिक कपलिंग दाखवलं, तिथून हे क्षेत्र जोरात निघालं. पण गॅडोलिनियम सोपा आहे, ऑर्बिटलची भानगड नाही. डिस्प्रोशियमला ती आहे. म्हणून चांगला पेपर कॉपरच्या जागी झिंक घालून त्याचा जोडीदारही बनवतो, मोजतो, आणि दोन्हींतला फरक कॉपरच्या खात्यावर मांडतो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वरन षण्मुगम यांचा गट अशा रेणूंवर काम करतो, गोपालन राजारामन यांचा गट त्यांची गणितं करतो. पीएचडीला येण्याआधी यांचे एक-दोन पेपर सप्लिमेंटरी फाइलसकट वाचा. खरं सांगू, मी पहिली दोन वर्षं ती फाइल उघडलीच नव्हती.

त्या व्हायलचं काय झालं? लेबल बदललं, आणि डिस्प्रोशियमचं कॉम्प्लेक्स पुन्हा लावलंय. या वेळी व्हायलच्या तोंडाला पॅराफिल्म, त्याला सुईने फक्त दोन भोकं.