भात सोडा आणि पळा: या सल्ल्याचं करायचं काय?

निशी-कसाई हे नाव आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, दुसरी वस्ती नव्हती का मिळत?" निशी म्हणजे पश्चिम, आणि कसाई हे इथल्या भागाचं जुनं नाव. आपल्या कसायाशी त्याचा काही संबंध नाही. पण हल्ली इथल्या मराठी घरांत भाताची जी कत्तल चालू आहे ती बघता नाव अगदीच चुकलंय असंही म्हणवत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला अराकावा नदीच्या बांधावर या, म्हणजे कळेल. तीस-पस्तिशीतली आयटीची मंडळी, मनगटावर महागडं घड्याळ, पोटात फक्त काळी कॉफी. सल्ला सगळ्यांचा एकच: भात-पोळी बंद कर, उपाशीपोटी पळ, म्हणजे शरीर थेट चरबीच जाळतं. पुरावाही हजर असतो, "पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले!" कंपनीच्या तपासणीत माझी कंबर ८८ सेंटिमीटर निघाली तेव्हा मीही या पंथात सामील झालो होतो. त्यामुळे पुढची टीका थोडी स्वतःवरही आहे.

आधी त्या दोन किलोंचं बघू. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजन साठलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. कार्ब तोडले आणि वर पळालात की हा साठा उतरतो, आणि पाणीही जातं. काटा खाली येतो, ग्रुपवर फोटो पडतो. चरबी मात्र जवळपास जागच्या जागी. मग एखाद्या मित्राकडे मुंज किंवा बारसं निघतं, दोन वाट्या मसालेभात होतो, आणि दुसऱ्या दिवशी "एका जेवणानं दीड किलो वाढलं" म्हणून माणूस हवालदिल. ते वाढलेलंही पाणीच.

पळण्याचा हिशेबही फार उत्साहवर्धक नाही. ढोबळमानाने एका किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी. ७५ किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला तर ३७५. कोनबिनीतल्या दोन ओनिगिरी खाल्ल्या की फिटंफाट.

या पंथाचे लोक हमखास ज्यांचं नाव घेतात ते दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स. त्यांची गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे. १९८५ साली त्यांनी 'लोअर ऑफ रनिंग' लिहिलं, धावपटूंनी भरपूर कार्ब खावेत असं सांगितलं, स्वतः ७० हून जास्त मॅरेथॉन आणि त्याहून लांबच्या शर्यती धावले, आणि तरीही त्यांना टाइप २ मधुमेह झाला. मग ते स्वतःच्याच पुस्तकाच्या विरोधात उभे राहिले. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्यातून निघतं काय? २०१५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलं की चुकीचं खाणं पळून भरून काढता येत नाही. म्हणजे ज्यांच्या नावावर 'पळा आणि बारीक व्हा' खपवलं जातं, ते स्वतः पळण्याला बारीक होण्याचा उपाय मानतच नाहीत.

आणि कार्बशिवाय पळणं? ऑस्ट्रेलियाच्या लुईझ बर्क यांनी २०१७ साली अव्वल दर्जाच्या रेसवॉकर्सवर तीन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. कार्ब तोडलेल्यांचं शरीर चरबी जास्त जाळू लागलं, हे खरंच. पण त्याच वेगासाठी त्यांना ऑक्सिजन जास्त लागू लागला, आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत बाकीचे सुधारले, हे सुधारले नाहीत. 'चरबी जाळणं' आणि 'चरबी कमी होणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळाला हा फरक कळत नाही, आपल्याला कळायला हवा.

मग लो-कार्ब खोटं का? नाही. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ लोकांना वर्षभर, काहींना कमी चरबीवर आणि काहींना कमी कार्बवर ठेवलं. २०१८ मध्ये निकाल आला: सरासरी घट ५.३ आणि ६.० किलो. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. दोन्ही गटांना साखर, मैदा कमी करून घरचं खायला सांगितलं होतं. म्हणजे लो-कार्ब चालतं, पण त्यात जादू नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गोंधळ आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत म्हणजे दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. त्यात भात बंद नाही, आणि पळणंही नाही. जपानमध्ये डॉ. यामादा सातोरु यांचं 'रोकाबो' जेवणाला २० ते ४० ग्रॅम कार्ब चालवून घेतं, म्हणजे एक ओनिगिरी आणि संपलं. आमचे बांधावरचे पंडित दीक्षितांच्या वेळा, यामादांचे ग्रॅम आणि नोक्स यांचं नाव एकत्र करून भेळ करतात, आणि ती बाधली की दोष खाणाऱ्याच्या निग्रहाला!

आता जे खरं आपलं आहे त्याकडे येतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे असलेला फोटो. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. लेखकांनी मिश्कीलपणे नोंदवलंय की एक जण मॅरेथॉन धावतो, आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे हॉस्पिटलची लिफ्ट पकडायला धावणं. पण याज्ञिकांचं काम या विनोदावर थांबत नाही. पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान, पण कमतरता मुख्यतः स्नायूंत, चरबीत तेवढी नाही. म्हणजे आपला हिशेब जन्मापासूनच वेगळा आहे, आणि काट्यावरचा आकडा आपल्याला इतरांपेक्षा जास्त फसवतो. अशा शरीराचं प्रोटीन न वाढवता नुसतं वजन उतरवलं, तर आधीच थोडे असलेले स्नायूच जाण्याची भीती.

भारतातल्या ताटाचा सर्वांत मोठा अभ्यास, आयसीएमआर-इंडियाब, २०२५ मध्ये आला. आपल्या ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात आणि प्रोटीनमधून फक्त १२. त्यातला निष्कर्ष आईला सांगायची माझी हिंमत झालेली नाही: कार्बचं एकूण प्रमाण तेच ठेवून भाताऐवजी गव्हाचं किंवा बाजरी-नाचणीचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही. मात्र रोजच्या कॅलरीतले ५ टक्के कार्ब काढून तिथे डाळी-कडधान्यांचं किंवा दुधाचं प्रोटीन ठेवलं तर दिसतो. पाच टक्के! म्हणजे पोळी थोडी कमी आणि उसळ थोडी जास्त. यात फोटो टाकण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच बहुतेक त्याचा ग्रुप होत नाही.

कंबरेचंही सांगायला हवं, विशेषतः मैत्रिणींना. जपानी तपासणीची रेषा पुरुषांना ८५ आणि बायकांना ९० सेंटिमीटर, तर भारतीयांसाठी वापरतात ती पुरुषांना ९० आणि बायकांना ८०. ८६ कंबर असलेली बाई इथे पास होऊन हसत घरी येते. तिने हसू नये.

घरात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच. मी कार्ब सोडले, म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? बायको रोज दोन स्वयंपाक करू लागली. तिची आणि मुलीची वरणभात-पोळी, माझं तोफू, अंडी आणि फुलकोबीचा 'भात'. मी पहाटे पळायला, मुलीचा डबा तिच्याकडे. तोझाई लाईनच्या गर्दीत मी जितका दमत होतो तितकीच तीही दमत होती. "तुझं डाएट आहे, माझी ओव्हरटाइम," असं ती म्हणाली तेव्हा मला घड्याळातले आकडे दाखवायची सोय उरली नाही. या विषयावरच्या पुस्तकांत ताट असतं, ओटा सहसा नसतो.

आणि एक गोष्ट जिच्यात चेष्टा नाही. बांधावर आमच्यातला एक जण गेल्या हिवाळ्यात मटकन खाली बसला. घाम, थरथर, शब्द जुळेनात. मधुमेहाची गोळी चालू, आदल्या रात्रीपासून कार्ब बंद, आणि वर ८ किलोमीटर. कोणाच्या तरी खिशात मुलाची गोळ्या-चॉकलेटं होती म्हणून निभावलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डोस न बदलता कार्ब तोडून पळणं म्हणजे साखर कोसळवण्याचीच व्यवस्था. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना उलटा धोका: रक्तात कीटोन वाढून आम्लता होते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे लक्षातही येत नाही. डॉक्टरांना आधी विचारा हे वाक्य आपण सगळेच वाचतो आणि पुढे सरकतो. त्या दिवशीपासून नवा कोणी आला की आम्ही वेग विचारायच्या आधी गोळी कोणती ते विचारतो.

मी अजून पळतो, आठवड्यातून तीनदा. डोकं जागेवर राहतं म्हणून. दोन दिवस वजनं उचलतो, उसळ सगळ्यांसाठी एकच होते आणि ती मी करतो. रविवारी भात असतो. कंबर ८६ आहे, म्हणजे जपानच्या हिशेबाने अजून नापास. पुढची तपासणी मे महिन्यात.